पंचेचाळीसवर थांबलेला काटा

“तेलाचा काटा पंचेचाळीस अंशांच्या वर जातच नाही. याहून चांगलं काय हवं, उस्ताद?”

उस्ताद दाऊद होडेकरांनी बोटीच्या काठावर बसून पाय खाडीच्या पाण्यात सोडले होते.

“अर्धा तास पूर्ण वेगात पळवली. तरी तेल थंडगार!”

“थंडगार…” उस्ताद म्हणाले. हा शब्द जणू ते पहिल्यांदाच ऐकत होते.

विचारणाऱ्याचं नाव शंतनू काळभोर. पुण्याचा इंजिनियर. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी सांगत असे.

उस्ताद चाळीस वर्षं त्या खाडीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होते. नव्या बोटीच्या इंजिनावर हात ठेवून ते “जा” म्हणाल्याशिवाय तिच्यात माणसं चढत नसत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण माणसं चढत नसत.

ही बोट वेगळी होती. तिला बाहेर पंखाच नव्हता. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, की बोट पुढे. जेट बोट म्हणतात तिला. खाडीच्या मधोमध जुवं होतं, चहूबाजूंनी पाणी असलेली छोटीशी वस्ती. ओहोटीला तिथे जाताना साध्या होडीचा पंखा गाळात रुतायचा. म्हणून ही बोट आणलेली. दर सोमवारी आरोग्य केंद्राच्या गमरे सिस्टरना जुव्यावर न्यायचं, पोरांना लस द्यायची आणि परत आणायचं.

उस्तादांना न विचारता केलेल्या पहिल्याच फेरीत घोटाळा झाला होता. भर खाडीत तेलाचा काटा एकशे चाळीसवर गेला. जळका वास सुटला. शंतनूनं घाईघाईनं इंजिन बंद केलं. बोट वाहत जाऊन गाळावर बसली. सिस्टर आणि तो भरतीची वाट पाहत सात तास तिथेच बसून राहिले. समोर जुव्याच्या धक्क्यावर आया पोरं घेऊन उभ्या होत्या. संध्याकाळी त्या परत गेल्या.

सिस्टर त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

मग त्यानं इंजिन उघडलं, घासलेले बेअरिंग बदलले आणि पुण्याहून ऑइल कूलर आणून बसवला. जेटच्या पंपातून नळीनं खाडीचं पाणी घ्यायचं, ते कूलरमधून खेळवायचं, तेल निववायचं, पाणी बाहेर सोडायचं. सगळं चोख. फक्त कूलर लागत होता त्याच्या दुप्पट मोठा.

“एवढा मोठा कुणासाठी?” उस्तादांनी आता विचारलं. “इंजिनासाठी की तुझ्यासाठी?”

शंतनू हसला. पण कान तांबडे झाले.

“परवा सोमवार आहे, उस्ताद. तुम्ही हात ठेवा आणि ‘जा’ म्हणा. बस.”

“तेलाचं झाकण उघड.”

शंतनूनं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला पांढरट, पिवळसर फेस जमला होता. ताकावर आलेल्या लोण्यासारखा.

तो बघतच राहिला.

“पाणी…” तो म्हणाला. “तेलात पाणी शिरलंय! कूलर गळतोय!”

उस्ताद उठले, पाय झटकले आणि शेडमध्ये चहा ठेवायला गेले.

शंतनूनं भराभर नळ्या सोडल्या. कूलर उतरवला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि कूलर पाण्याच्या टपात बुडवला.

बुडबुडा नाही.

आणखी हवा भरली. कूलर उलटा केला. आडवा केला. टपावर ओणवा होऊन डोळे पाण्याला टेकतील इतक्या जवळून पाहिलं.

एकही बुडबुडा नाही.

“मग इंजिनातलं पाणी अडवणारं गॅस्केट गेलं असणार,” तो स्वतःशीच पुटपुटला. “पूर्ण इंजिन खोलावं लागेल. सोमवार गेला… परत गेला.”

तो टपाशेजारी मटकन बसला. हात कोपरापर्यंत काळे, चेहरा पांढरा.

“चहा झाला,” शेडमधून आवाज आला.

“मला नको, उस्ताद.”

“तुला कुठे देतोय? इकडे ये.”

तो गेला. स्टोव्हवर पातेलं होतं, त्यावर ताटली झाकलेली. उस्तादांनी ताटली उचलली आणि शंतनूच्या तळहातावर तिरपी धरली.

टप्… टप्… टप्.

“हे पाणी कुठून गळलं?” उस्तादांनी विचारलं.

“गळलं नाही. वाफेचं आहे. ताटली थंड होती, म्हणून…”

तो थांबला.

तळहातावरच्या पाण्याकडे बघत राहिला. स्टोव्ह फुरफुरत होता. उस्तादांनी दोन ग्लासांत चहा गाळला. आपल्या चहात साखर घातली. ढवळली.

“इंजिनात वाफ होतेच,” शंतनू सावकाश म्हणाला. “पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच. तेल नीट तापलं तर ते उडून जातं. माझं तेल तापतच नाही. मग ते जाणार कुठे… तिथेच बसतं. तेलातच.”

उस्तादांनी दुसरा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

“घे आता.”

रविवारी सकाळी शंतनूनं जुनं तेल काढून नवं भरलं. कूलर परत चढवला. पाण्याच्या नळीवर बसवायला उस्तादांनी एक पितळी कॉक दिला, पाणी कमीजास्त करायची तोटी.

“कुठे बसवशील? पाणी आत जाताना की बाहेर पडताना?”

“बाहेर पडताना. तिथे हात सहज पोचतो.”

“हात पोचेल. आणि पंपाचा सगळा जोर?”

शंतनूनं कूलरकडे पाहिलं. बाहेरची वाट अडवली तर पूर्ण वेगात मागून रेटणारं पाणी कूलरच्या आतच कोंडून तो फोडणार होतं. त्यानं मुकाट्यानं नळी कापली आणि कॉक आत जाणाऱ्या बाजूला बसवला. तिथे हात पोचवायला त्याला इंजिनाशेजारी पोटावर झोपावं लागलं. उस्तादांना त्या दृश्याचा फार आनंद झाला.

मग दोघं बोट घेऊन खाडीत गेले. शंतनूनं कॉक अर्धा बंद केला आणि वेग वाढवला.

काटा हलला. पन्नास. साठ.

सत्तर.

शंतनू काट्यावर ओणवा झाला.

“बास का, उस्ताद?”

उस्ताद काठावरच्या बगळ्यांकडे बघत होते.

ऐंशी. पंच्याऐंशी. शंतनूला पुन्हा तो जळका वास आल्यासारखा वाटला. धक्क्यावरच्या आया दिसल्या. त्याचा हात कॉककडे गेला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं.

“वास येतोय?”

“…नाही.”

“इंजिनाचा आवाज बदललाय?”

शंतनूनं कान दिला. “नाही. उलट मऊ झालाय.”

“मग हात कशाला पळतोय?”

नव्वद. ब्याण्णव. पंच्याण्णव.

आणि काटा तिथेच थांबला. त्यांनी बोट वळवली, सरळ सोडली, पुन्हा वळवली. पूर्ण वेग, मग निम्मा, मग पुन्हा पूर्ण. काटा तिथल्या तिथे दोन-चार अंश हलत राहिला, खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा.

तासाभरानं धक्क्याला लागल्यावर शंतनूनं झाकण उघडलं. आत फक्त तेल होतं. स्वच्छ, मधासारखं. त्यानं झाकणावरचं तेल बोटावर घेतलं, उन्हात धरलं आणि तो मोठ्यानं हसला. इतका मोठ्यानं, की शेजारच्या होडीत जाळं विणणारी बाई दचकली आणि मग तीही हसायला लागली.

“कॉकवर रंगाची खूण करून ठेवतो,” तो म्हणाला. “कायमची.”

“कर. आणि मे महिन्यात खाडीचं पाणी तापलं की त्या खुणेला सांग, तूच बघ म्हणून.”

शंतनूनं रंगाचा डबा परत ठेवला.

सोमवारी ओहोटी होती. गमरे सिस्टर वेळेच्या आधीच आल्या. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मग शंतनूकडे.

“आज गाळात बसायचं असेल तर आधीच सांगा. मी विणकाम आणते.”

“नाही आणावं लागणार, सिस्टर.”

“बरं. सरका जरा, माझा बर्फाचा डबा सावलीत ठेवू दे. लसी आहेत. त्या तापल्या तर सगळंच वाया.”

उस्ताद बोटीत उतरले. इंजिन सुरू होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

“जा,” उस्ताद म्हणाले.

शंतनूनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उस्तादांनी त्याला अर्ध्यातच उभं केलं आणि ते धक्क्यावर चढले.

“एकच विचारतो, उस्ताद,” शंतनू म्हणाला. त्यानं खिशातून वही काढली, पेन उघडलं. “पुढच्या बोटीसाठी लिहून ठेवतो. आयुष्यभर उपयोगी पडेल. शेवटी थंड बरं की गरम?”

उस्तादांनी खुंट्याचा दोर सोडला. तो गुंडाळला. बोटीत टाकला. बोट धक्क्यापासून हातभर सुटली.

“कुणाला?” त्यांनी विचारलं.