तात्यांचा अंगठा

फार पूर्वी, माणसांची जहाजं तिकडे फिरकतही नव्हती तेव्हा, दक्षिण ध्रुवाजवळच्या एका हिमखंडावर पेंग्विनांची वस्ती होती. समुद्र किती गार आहे हे मोजायचा मान सरपंच ढोलूतात्यांचा. दरवर्षी बर्फात भोक पाडायचं, तात्यांनी त्यात पायाचा अंगठा बुडवायचा आणि वस्तीनं टाळ्या वाजवायच्या.

"गेल्या वर्षीपेक्षाही गार!" तात्यांनी जाहीर केलं.

भुरी सील नुकतीच तळाकडून वर आली होती. "तात्या, खाली कोमट पाणी घुसलंय," ती म्हणाली. "ते बुडाकडून बर्फ वितळवतंय. तुम्ही अंगठा बुडवलात ते त्याच वितळलेल्या बर्फाचं पाणी. ते गार लागणारच!"

"म्हणजे तुझ्या मिशांना कळतं आणि सरपंचाच्या अंगठ्याला कळत नाही?" तात्या फिस्कारले. वस्ती खो खो हसली. भुरी बघतच राहिली. माशांसाठी खोल बुड्या मारणारी ही मंडळी मोजायला मात्र काठावर बसत होती!

पुढच्या वर्षी मोजणीच्या दिवशी भुरी मुद्दाम आली. तात्या गळ्यापर्यंत पाण्यात होते.

"यंदा भोक पाडायचे कष्ट वाचले," ते ऐटीत म्हणाले. "आणि पाणी आणखीच गार!"

वस्तीनं पोहता पोहता टाळ्या वाजवल्या.