बयजाबाईची पायरी

कासारखिंडीचे वाचनालय मुळात पोस्टाची इमारत. काळ्या दगडाची, पुढे उंच ओटा, आत पितळी जाळीचे काउंटर अजून जसेच्या तसे. तरी पुस्तक काउंटरवर मिळत नाही. ग्रंथपाल सात पायऱ्या उतरून खाली येतो आणि हातात देतो. पाहुण्यांना नवल वाटते. मग तिथले म्हातारे नामदेवतात्या त्यांना सावलीत बसवून बयजाबाईची हकिकत सांगतात.

पहिल्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट, म्हणे. बयजाबाई महारवाड्यातली, तिचा एकुलता एक सिदनाक पलटणीत. तिच्या वस्तीतल्या माणसाने ओट्यावर चढायचे नाही, असा गावाचा नेम. पोस्टमास्तर खासनीस वरून पत्र टाकत आणि खालच्याने ते धुळीतून उचलायचे. मास्तर मनाने वाईट नव्हते, पण गावाला टरकून असत.

एका पत्रात सिदनाकाने लिहिले, इथे नाव पुकारतात आणि पत्र हातात देतात. वस्तीतल्या पेन्शनर हवालदाराने ते वाचून दाखवले आणि बयजाबाईच्या डोक्यातून ते जाईना. लेकाला हातात मिळते, तर आईने का वेचायचे?

पुढचे पत्र आले. मास्तरांनी टाकले. ती वाकली नाही.

"मास्तर, हातात द्या."

"अगं उचल, तुझ्या मुलाचं पत्र आहे."

"म्हनूनच म्हनते."

आठ दिवस ती रोज येऊन उन्हात उभी राहिली. जीव त्या पत्रात अडकलेला, पण हट्ट सोडीना. गाव हसले. वस्तीतल्यांनीही समजावून पाहिले. मास्तर संध्याकाळी, ती गेल्यावर, पत्र उचलून आत नेत, सकाळी पुन्हा वरून टाकत. नवव्या दिवशी त्यांनाच राहवेना. ते उतरले, पत्र तिच्या ओंजळीत ठेवले आणि तिने सांगितले म्हणून तिथेच पायरीवर बसून वाचू लागले.

पलटण पुन्हा बोटीवर चढणार होती. त्याआधी सोमवारी पलटणीची गाडी जवळच्या स्टेशनात घटकाभर थांबेल, आई, भेटायला ये, असे त्यात होते. तो सोमवार उलटून चार दिवस झाले होते.

मास्तरांना पुढे वाचवेना.

"वाचा मास्तर," ती म्हणाली. "हातात दिलंया, तर पुरतं वाचा."

सिदनाक परतला असे कोणी सांगतात, परतलाच नाही असेही सांगतात. मास्तरांनी मात्र नंतर एकही पत्र वरून टाकले नाही, गावाने वाळीत टाकायची धमकी दिली तरी. पुढे पोस्ट नव्या जागेत गेले, इथे पुस्तके आली. आता ओट्यावर कोणालाही मज्जाव नाही. तरी आजही ग्रंथपाल सात पायऱ्या उतरतो, कारण एवढ्यासाठी एका आईने लेकाची भेट गमावली आहे.