भन्ते पांडा बघायला गेले

"…मग माझ्यात कमी काय पडलं, भन्ते?"

विहाराचे प्रमुख भिक्षू, भन्ते शीलरत्न, कुंपणाशी उभे होते. ते समोर बघत होते. समोर बांबूच्या गचपणात लाकडी माचा होता, आणि माच्यावर एक पांडा लोकांकडे पाठ करून निजला होता.

गजभिये शेजारी उभे होते. एका खांद्याला स्वतःची पिशवी, दुसऱ्या खांद्याला भन्तेंची, हातात छत्री. उत्तराची वाट बघत.

भंडाऱ्याहून निघालेली ही यात्रा चीनमधली जुनी बुद्धस्थानं बघत फिरत होती. आदल्या संध्याकाळी डोंगरात कोरलेली प्रचंड मूर्ती पाहून परतताना भन्तेंनी बसमध्ये, पाण्याची बाटली मागावी इतक्या सहज, सांगून टाकलं होतं की आपल्यामागे विहाराचं सगळं सुनंदा रामटेके बघतील.

सुनंदाबाई दवाखान्यात नर्स होत्या. ड्युटीतून जमेल तेव्हा विहारात यायच्या. या यात्रेलासुद्धा आल्या नव्हत्या, रजा मिळाली नव्हती.

आणि गजभियेंनी तर विहारासाठी वीज मंडळातली नोकरी मुदतीआधी सोडली होती. पहाटे अंधारात उठून भन्तेंचं पाणी तापवायचं, झाडलोट, भोजन, औषधं, आल्यागेल्याची व्यवस्था, सगळं त्यांच्याकडे. बायको म्हणायची, घडीभर टेका. ते टेकत नसत. लोक म्हणायचे, गजभियेजी कधी थकत नाहीत. हे ऐकायला त्यांना फार बरं वाटे.

त्या रात्री हॉटेलात त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन, खाणाखुणा करून, त्यांनी भन्तेंसाठी भात आणि उकडलेली भाजी करून घेतली आणि डबा भरला. चुकले नाहीत.

आजचा दिवस मोकळा होता. मंडळी पांडा बघायला निघाली तेव्हा गजभियेंना वाटलं होतं, भन्ते खोलीत आराम करतील. भन्ते म्हणाले, मलाही बघायचाय.

जतन केंद्रात वाट दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की ही मादी आहे, आणि हा प्राणी दिवसाचा बराचसा वेळ बांबू खातो, पण त्यातलं फार थोडं त्याच्या अंगी लागतं. म्हणून खायचं, निजायचं, उठून पुन्हा खायचं. बाकी तो विशेष काही करत नाही.

एवढ्यासाठी इतकी माणसं. कोण कुठल्या देशाहून आलेलं. सगळी त्या पाठीकडे बघत उभी.

"यात धम्माचं काय आहे, भन्ते?" गजभियेंनी विचारलं.

"काही नाही. पांडा आहे."

…

गजभियेंना राहवेना. त्यांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत मी एक दिवस चुकलो असेन, तर सांगा."

दोनचार माणसांनी वळून पाहिलं.

"हळू," भन्ते म्हणाले. "तिची झोप मोडेल."

गजभियेंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. कानशिलं तापली होती. आपण विचारतोय काय आणि यांचं लक्ष कुठे, असं त्यांना वाटलं, आणि मग काहीच वाटेनासं झालं. नुसतं जड, अंगावर ओलं घोंगडं घातल्यासारखं.

कुंपणासमोर झाडाखाली एक बाक होता. भन्ते तिकडे गेले. बसले मात्र नाहीत.

गजभिये म्हणाले, "बसा ना भन्ते, मी उभा राहतो."

"तुम्ही बसलात तर मला बसवेल."

तेव्हा गजभिये बसले. पिशव्या मांडीवर घेतल्या, डब्याच्या पिशवीचा बंद सवयीप्रमाणे मनगटाला गुंडाळला. बारा वाजायच्या आत भन्तेंना जेवू घालायचं होतं. भिक्षूने दुपार टळल्यावर खायचं नसतं, आणि कुणी हाताने दिल्याशिवाय घ्यायचंही नसतं. अजून वेळ आहे, त्यांनी मनाशी म्हटलं.

डोळे मिटले. घटकाभरच…

…

जाग आली तेव्हा मान अवघडली होती. डोकं कशावर तरी टेकलेलं होतं. भन्तेंच्या खांद्यावर.

भन्ते ओठांवर बोट ठेवून समोर कुणाला तरी थांबवत होते. यात्रेतल्या शकुंतला खोब्रागडे उभ्या होत्या.

झाडाची सावली बाकाच्या दुसऱ्या बाजूला सरकली होती. समोरचा माचा रिकामा होता.

गजभियेंनी घड्याळ बघितलं. मग मनगट बघितलं. बंद तसाच गुंडाळलेला. डबा तसाच, भरलेला.

ते धडपडत उठले. "भन्ते… भोजन."

"टळलं," भन्ते म्हणाले.

मग शकुंतलाबाईंनीच सांगितलं. त्या बाराच्या आधी येऊन गेल्या होत्या. डबा काढून भन्तेंना द्यावा म्हणून त्यांनी पिशवीला हात घातला, तर बंद यांच्या मनगटाला. ओढला असता तर हे जागे झाले असते. भन्तेंनी नको म्हणून हात हलवला. बाई म्हणाल्या, बाहेरच्या दुकानातून काही आणते. त्यालाही भन्ते नाही म्हणाले. म्हणाले, घ्यायला-खायला हललो तर यांचं डोकं सरकेल. तेवढ्यात पांडा उठली, अगदी कुंपणापाशी येऊन बसून खात राहिली, सगळ्यांनी फोटो काढले, आणि ती आत गेली. भन्तेंना बाकावरून ती दिसली नसावी, मध्ये माणसंच माणसं होती.

एवढं सांगून शकुंतलाबाई मंडळी गोळा करायला गेल्या.

गजभिये उभेच होते. इतक्या वर्षांत भन्ते त्यांच्यामुळे कधी उपाशी राहिले नव्हते. आज त्यांच्या हाताला डबा बांधलेला होता आणि भन्ते शेजारी उपाशी बसले होते.

"उठवायचं होतं, भन्ते. नुसता हात लावला असता तरी…"

 भन्तेंनी आखडलेला खांदा हळूहळू फिरवला.

   गजभिये पुन्हा बाकावर बसले. काही तरी सांगायला हवं होतं, क्षमा मागायला हवी होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"थकलोय, भन्ते."

हा शब्द त्यांनी बायकोजवळही कधी काढला नव्हता. निघाला आणि मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

…

 माणसं पुढच्या कुंपणाकडे निघून गेली होती.

"सकाळी तुम्ही काहीतरी विचारत होतात," भन्ते म्हणाले.

गजभियेंनी आठवून पाहिलं. प्रश्न आठवत होता, शब्दन्‌शब्द. पण तो उचलून पुन्हा पुढे ठेवावा इतकं बळ अंगात नव्हतं. आणि तशी इच्छाही नव्हती.

"राहू द्या," ते म्हणाले.

भन्तेंनी त्यांच्या मनगटावरचा बंद सोडवला. पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"मग झोपा अजून जरा. बसला वेळ आहे."