चमकी उतरवलेली परी

शप्पथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. शप्पथ शेजारच्या काकूंच्या मांजरीची, आणि ती मांजर हल्ली दिसत नाही. तेवढं सांभाळून ऐका.

खाडीकाठच्या एका गावात सहावीतली दर्शू राहायची. वडील नव्हते. चप्पल होती, पण एकाच पायाची. आई पाणथळीच्या चिखलातून इवले इवले खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचून विकायची. आईच्या फोनचा कॅमेरा तडकलेला, त्यामुळे त्यात एका बगळ्याचे दोन बगळे दिसायचे.

त्याच फोनवर दर्शू मायक्रोप्लास्टिकचा व्हिडिओ करत होती. पिशव्या, बाटल्या उन्हात झिजतात, त्यांचे मोहरीहून बारीक कण होतात आणि खुब्यांच्या पोटात जातात. संध्याकाळी व्हिडिओ ग्रामसभेत लागणार होता. पाणथळीत कचऱ्याच्या गाड्या ओतायच्या की थांबवायच्या, ते तिथेच ठरायचं होतं. पण कण काही फोनमध्ये येईनात. सरपंचकाका आधीच म्हणाले होते, जे दिसत नाही त्याचा ठराव होत नाही.

इतक्यात लव्हाळ्यात कुणीतरी मुसमुसलं. बघते तर नायलॉनच्या फाटक्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकलेली, गुलाबी, चंदेरी, नखशिखांत झगमगती. उशीर होत होता तरी दर्शूने एकेक गाठ हळूच सोडवली.

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "चंद्र उगवेपर्यंतच टिकेल. आणि जो मागतो, त्याच्यापासूनच सुरू होते."

दर्शूने जरा वेळ आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं.

"प्लास्टिकचे कण उजळू देत, परीताई. जिथे असतील तिथे."

आधी तिच्याच फ्रॉकची नायलॉनची झालर पेटल्यासारखी चमकली. मग सगळी पाणथळ उजळली. निळ्या, गुलाबी, पोपटी चांदण्याच चांदण्या. आणि सगळ्यांत जास्त कोण उजळलं? परी.

परीने पंख झटकन मिटले.

"पूर्वी काजवे उजेड द्यायचे," परी पुटपुटली. "ते येईनासे झाले. मग मी बाजारातली चमकी लावते. थोडी सांडते."

"दरवर्षी?"

"दर फडफडीला."

असा परीचा व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडेच नसता. पण परीची मान खाली गेली होती. दर्शूने फोन पालथा ठेवला, डोक्याचं सुती फडकं सोडलं आणि पंख अलगद पुसून काढले. चमकीचा कण न् कण आपल्या खाऊच्या डब्यात भरून झाकण लावलं. खालून निघाले चतुराच्या पंखांसारखे नितळ पंख. ऊन त्यांतून आरपार गेलं आणि चिखलावर इंद्रधनुष्य सांडलं.

"हे इतके छान आहेत?" परीने विचारलं.

"चमकीमुळे दिसले नसतील."

मग दर्शूने पाण्याचा व्हिडिओ काढला आणि धावत ग्रामसभा गाठली. भिंतीवर चांदण्या झळकल्या. लोक म्हणाले, वा, बारशाला असंच डेकोरेशन करू. दर्शूचा चेहरा पडला.

नीट दिसावं म्हणून कुणीतरी ट्यूबलाइट बंद केली. अंधारात पहिलं दर्शूचं पोट उजळलं, फ्रॉकच्या आतून, मंद निळं. तिने ते हातांनी झाकलं. मग हात बाजूला घेतले. शेजारी आईचं पोट उजळलं. आई आपल्याच पोटाकडे बघत राहिली. मग सगळी सभाच आकाशकंदिलांसारखी लागली. सरपंचकाकांनी दुपारी दोन ताटं खुबे खाल्ले होते. त्यांचा हॅलोजन झाला.



"दिसलं," सरपंचकाका हळूच म्हणाले. "गाड्या बंद. लिहा ठराव."

बाहेर चंद्र उगवला आणि पोटं विझली. खिडकीत परीने पंख पसरले. चांदणं त्यांतून झिरपलं, दुधाळ झालं, आणि त्या उजेडातच परी विरघळली. मागे काहीही सांडलं नाही. उडाला फक्त एक काजवा. दाराशी नवी चप्पल होती, दोन्ही पायांची. चामड्याची. परी शिकली होती.

झाली गोष्ट. आता बिदागी. पैसे नकोत. ते खिशातलं चमकत्या कागदातलं चॉकलेट इकडे द्या. कागद मी डब्यात ठेवीन. चॉकलेट तपासायला लागेल.