शनिवारचा जबाब

पूर्वी शूर्पारक नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे न्यायामात्य होते, आणि फार थकलेले होते. राजवाड्याखाली एक तळघर होते. कोतवाल तिथे माणसे नेई आणि कबुलीजबाब वर आणून देई. राजा स्वतः कधी खाली उतरला नव्हता. जिने चढायचा कंटाळा येतो म्हणे!

एकदा राजाची मुद्रिका हरवली. मंदक नावाच्या परटाला खाली नेले, आणि संध्याकाळी जबाब वर आला: मुद्रिका मीच चोरली, आणि शनिवारी हसाजी तेल्याला त्याच्या घाण्यावर विकली.

हसाजीला दरबारात आणले. तो समुद्रापलीकडून येऊन स्थायिक झालेल्या यहुद्यांपैकी होता. शनिवारी ही मंडळी कामाला हात लावीत नसत, बैलसुद्धा सोडून देत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

"शनिवारी घाणा बंद असतो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "जबाब खोटा आहे."

"मग तेल्याला सोडा, आणि परटाला पुन्हा खाली न्या. आता खरे बोलेल."

बोधिसत्त्वांनी डोळे मिटले. नको झाले होते त्यांना सारे. घरी जाऊन पडावे, एवढेच वाटत होते.

पण हसाजी जागचा हलेना. "आमच्यात माणसानं स्वतःवर घेतलेला गुन्हा न्यायाधीश धरतच नाहीत," तो म्हणाला. "जीव देवाचा, तो बोलून घालवायचा हक्क आपल्याला नाही. साक्षीदार लागतात. आणि न्याय वेशीत होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. तुमच्या तळघरात काय चालतं, ते कोणाला दिसतं?"

"तेल्या, तोंड आवर!" कोतवाल खेकसला.

बोधिसत्त्व कसेबसे उठले. "महाराज, आता मला खाली पाठवा. घटकाभरात मी कबूल करीन, की मुद्रिका मीच चोरली. आणखी घटकाभराने सांगेन, की ती चोरायला आपणच सांगितले होते. तोही जबाब कोतवाल आपल्यापुढे ठेवील."

राजाने कोतवालाकडे पाहिले. कोतवालाने मान खाली घातली.

राजाच्या हुकुमाने मंदकाला वेशीवर, उन्हात आणले. त्याच्या बोटांकडे कोणाला बघवेना. राजालाही नाही.

"शनिवार का म्हणालास?" बोधिसत्त्वांनी हळूच विचारले.

"कोणाचं तरी नाव घेतल्याशिवाय सोडत नव्हते," मंदक म्हणाला. "म्हटलं, शनिवार सांगितला तर तेलीबुवा तरी सुटतील."

हसाजी तिथेच मटकन खाली बसला आणि हमसाहमशी रडू लागला.

राजाने तळघर दगडमातीने बुजवले. न्याय वेशीवर होऊ लागला. मुद्रिका सापडली नाही. मंदकाची बोटेही सरळ झाली नाहीत; बायको त्याला घास भरवी. बोधिसत्त्व रोज वेशीवर बसत आणि रोज थकत.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारा श्रेष्ठी वरुण. हसाजी म्हणजे स्थविर उत्तरक, आणि मंदक म्हणजे विहार झाडणारा सुनक. कोतवाल आत्ता तुमच्यातच बसला आहे. त्याच्याकडून मी कबुली मागणार नाही. थकलेला अमात्य मी होतो. पण त्या जन्मी करुणा आधी परटाने दाखवली, मग मी."