लोहाराचा ठसा आणि कोरी सही

एका आठवडी बाजाराच्या गावात एक लोहार आणि त्याची बायको राहत होते. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. त्यांच्या कोयत्यांना पंचक्रोशीत मागणी होती. प्रत्येक कोयत्यावर लोहार आपला ठसा उमटवायचा, दोन शिंगं आणि मध्ये टिंब.

हा ठसा तो जिवापाड जपायचा. एकदा ऊसतोडीच्या हंगामात शेजारगावच्या लोहाराने तो एका दिवसासाठी मागितला. आपला लोहार म्हणाला, "घण ने, ऐरण ने, हवं तर भाता ने. ठसा मागू नकोस. वाईट कोयता तू करशील आणि शिव्या मला बसतील."

घण उचलून उचलून बायकोचा उजवा खांदा कामातून जायला आला. डॉक्टरांनी बजावलं, "घण सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल." विजेवर चालणारा घण आणायचा तर कर्ज हवं, म्हणून लोहार धुतलेला सदरा घालून बँकेत गेला.

बँकेतल्या अधिकारी बाईंनी संगणकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "काका, कर्ज देता येणार नाही. तुमच्या नावावर तीन महागडे फोन आहेत आणि त्यांची दीड वर्षाची बिलं थकली आहेत. तुमची पत पार घसरली आहे."

"माझ्याकडं हा एकच फोन हाय बाई, बटणांचा," लोहार म्हणाला. "उभ्या जन्मात कुणाची उधारी बुडवली न्हाई मी."

"बिलांची पत्रं आली नाहीत का कधी?"

आली होती की! लोहाराने मान खाली घातली. टपालाने पत्र आलं की तो ते भट्टी पेटवायला वापरायचा. आपल्याला कोण कशाला लिहिणार, असा त्याचा समज. मग त्याला दोन वर्षांपूर्वी बाजारात छत्रीखाली बसून फोनची कार्डं वाटणारा माणूस आठवला. "फोनचं कार्ड फुकट! फक्त आधारची झेरॉक्स द्या आणि तीन कागदांवर सही करा," असं तो ओरडत होता. कागद कोरे होते. फुकट म्हटल्यावर भलेभले रांगेत उभे राहतात, आपला लोहार तर सगळ्यांच्या पुढे होता.

बँकेच्या पायरीवर त्याला एक गोडबोल्या माणूस भेटला. "ऐकलं मी सगळं. पाच हजार द्या, आठ दिवसांत तुमचं नाव स्वच्छ करतो. आधारची झेरॉक्स आणा आणि या दोन कागदांवर सही करा. बाकीचं मी भरून घेईन."

लोहाराला देवच भेटल्यासारखं वाटलं. कागद घेऊन तो धावत घरी गेला आणि पत्र्याच्या डब्यातले पैसे काढू लागला.

"कुणाला देताय?" बायकोने विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"आन् कागदावर काय लिवलंय?"

"कोरा हाय. तो भरणार."

बायको म्हणाली, "अहो, शेजारच्या लोहाराला एक दिवस ठसा दिला न्हाई तुम्ही. आन् या अनोळखी माणसाला कोरी सही देताय? तीबी दुसऱ्यांदा?"

लोहाराचा हात डब्यातच राहिला. "आठ दिवसांत काम झालं असतं गं. तुझा खांदा..."

"माझा खांदा धरंल दम. नाव पुन्हा गेलं तर काय करायचं?"

लोहाराने ते दोन्ही कागद भट्टीत घातले आणि तो पुन्हा बँकेत गेला. या वेळी त्याने छत्रीखालच्या माणसाचं आणि जाळलेल्या पत्रांचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तक्रार करायला पैसे लागत नाहीत, काका. वेळ मात्र लागेल." त्यांनी त्याला तीन अर्ज लिहून दिले. एक पोलिसांना, एक फोन कंपनीला आणि एक लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला.

तीन महिने गेले. लोहाराने बायकोला घणाला हात लावू दिला नाही. एकट्याने विळे आणि खुरपी करून तो कसंबसं घर चालवत होता. दर आठवड्याला पोस्टमनची वाट बघायचा. अखेर पत्र आलं. ते तिन्ही फोन शहरातल्या कुठल्याशा पत्त्यावर पोचवले होते आणि ते घेताना केलेली सही भलत्याचीच होती. बिलं रद्द झाली होती, नोंद पुसली होती. लोहाराने ते पत्र शाळेतल्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसून डोळे पुसले.

पुढच्या महिन्यात कर्ज मिळालं आणि विजेवर चालणारा घण आला. बायकोने पायाने कळ दाबली आणि घण धाडकन ऐरणीवर पडला. तिने दोन्ही हात वर करून पाहिले. ते मोकळे होते. ती इतकी हसली की शेजारपाजारचे गोळा झाले.

त्या दिवसापासून कुठेही झेरॉक्स द्यायची झाली, की लोहार तिच्यावर गुरुजींनी शिकवलेले तीन शब्द आडवे लिहितो, 'फक्त याच कामासाठी'. खाली तारीख घालतो, सही करतो आणि शेजारी दोन शिंगं आणि एक टिंब काढतो.

तात्पर्य: आपलं नाव हाही आपला ठसाच; तो कोऱ्या कागदावर कुणाच्या हाती देऊ नये. आणि आलेलं पत्र आधी वाचावं, मग हवं तर भट्टीत घालावं.