मांजरपाटाची विजार

शिवण उसवून दोरा काढला, तरी कापडावर सुईच्या छिद्रांची बारीक रांग उरते. अनसूयेने शिवलेल्या विजारीवर अशा कितीतरी रांगा होत्या. आत्मगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा कासारखेड्यात, तेलघाण्याच्या ओसरीवर होता. तिथेच ती नवऱ्याला घेऊन आली होती.

तिचा नवरा मुकुंदा जातिवंत शिंपी. तापात त्याचा डावा गुडघा आखडला, तो सरळ झालाच नाही. थोरला भाऊ भिकाजी याने त्याला दुकानातून घरी बसवले. मशीन चालवायला दोन पाय लागतात, असे त्याचे म्हणणे. निदान कापड बेतायला तरी बसू द्या, असे अनसूया वारंवार विनवी. भिकाजी दर वेळी ‘बघू’ म्हणे. पुढे धोतराचा सोगा काठीत अडकून मुकुंदा भर बाजारात पडला. तेव्हापासून त्याने सुईही हाती धरली नाही आणि उंबराही ओलांडला नाही.

म्हणून अनसूयेने त्याच्यासाठी विजार शिवली. तो झोपलेला असताना सुतळीने उजव्या पायाचे माप घेतले आणि मांजरपाटाची दुहेरी घडी घालून दोन्ही पाय एकदम कापले. पुन्हा पुन्हा उसवूनही विजारीचे आसन, म्हणजे बसायची जागा, तंगच राहिले. तरीही महाराजांच्या दर्शनाला म्हणून, पुष्कळ मनधरणी करून, तिने त्याला तीच घालायला लावली.

ओसरीवर मुकुंदाला खाली बसता येईना. डाव्या पायाचे कापड नुसतेच लोंबत होते. भिकाजीही दर्शनाला आलेला होता.

“अगं, पाय दोन तऱ्हेचे आणि कापलंस एका घडीत?” तो म्हणाला. “शिंप्याच्या घरात दिली होती ना तुला?”

ओसरीवर जमलेली मंडळी हसली. मुकुंदा काठी सावरून मागे वळला. आज हा असा परतला तर पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, हे अनसूयेला कळून चुकले.

महाराजांनी तिला जवळ बोलावले आणि काय चुकले ते विचारले. आसन कमी पडले, डावा पाय आखूड करायचा राहिला आणि कापड आता उरले नाही, असे तिने सांगितले. महाराजांनी खांद्यावरच्या छाटीचा चौकोनी तुकडा फाडून तिच्या हाती दिला.

“हा आसनात घाल. डाव्या पायाला हात लावू नकोस.”

मुकुंदा पंचा गुंडाळून आडोशाला थांबला. तिने तुकडा जोडला, त्याने विजार पुन्हा घातली आणि तो सहज खाली बसला. डावा पाय मात्र तसाच लोंबत होता.

“महाराज, काठ दुमडायला हवा,” भिकाजी म्हणाला. “अडखळेल तो.”

“माप बरोबर आहे, भिकाजी,” महाराज म्हणाले. “तिचं काम झालं. उरलं ते आपलं.”

त्यांनी मुकुंदाला उभे केले आणि लोंबत्या काठाखाली आपला तळहात धरला.

आधी गुडघ्यावरची चुणी सैल झाली. मग पोटरीपाशी कापड हळूहळू भरत गेले, जसा ओहोळ पाण्याने भरतो. काठातून बोटे दिसली, टाच दिसली. महाराजांनी हात काढून घेतला आणि ती टाच जमिनीला टेकली. विजारीचा काठ घोट्यावर नेमका बसला होता. केवढी ती कृपा! घाण्याचा बैल थांबला होता आणि त्याला हाकायचे कोणाला सुचत नव्हते. अनसूया त्या पावलाकडे पाहत राहिली. बोट लावून पाहायचेही तिला धाडस होईना.

भिकाजी पुढे आला. सवयीने त्याने गळ्यातली टेप काढली आणि एक पाय मापला, मग दुसरा. पुन्हा पहिला मापला. टेप हातातून गळली. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“माझ्यापाशी काय आहे?” महाराज हळूच म्हणाले. “ज्याला सांगायचं राहिलंय, त्याला सांग.”

भिकाजी धाकट्या भावापुढे वाकला.

“कात्रीला पाय लागत नाहीत, मुकुंदा. मला हे ठाऊक होतं. गुडघा तसाच राहिला असता, तरी तुला बोलवायला हवं होतं. उद्यापासून दुकानात कापड तू बेतायचंस.”